व्हीसीआय फिल्म किती महिने टिकते? चाचणी निवडताना

व्हीसीआय फिल्म म्हणजे गंजरोधक रसायन मिसळलेलं पॉलिथिन; ते रसायन वाफेच्या रूपात सुटून धातूवर बसतं. तिच्या माहितीपत्रकावर 'दोन वर्षं संरक्षण' छापलेलं असतं. ते पडताळायच्या वाटा अनेक आहेत, पण प्रत्येक वाट वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते.

बरणीची चाचणी (व्हीआयए, म्हणजे वाफेने गंज रोखण्याची क्षमता). बंद बरणीत घासलेला पोलादी नमुना टांगायचा, फिल्मच्या पट्ट्या धातूला न टेकवता बाजूला सोडायच्या. सुमारे 20 तास वाफ बसू द्यायची, मग ग्लिसरीन मिसळलेलं पाणी घालून आत ओल धरायची. शेवटी 0 ते 3 अशी श्रेणी (3 सगळ्यात चांगली). दोनेक दिवसांत निकाल, म्हणून नवा रोल तपासायला हीच बरी. महिने मात्र ती सांगत नाही. तुलनेसाठी साध्या पॉलिथिनच्या पट्ट्या सोडलेली दुसरी बरणीही ठेवायची; तिच्यातला नमुना गंजलाच पाहिजे. तो कोरा राहिला तर अख्खी चाचणी बाद. बहुधा झाकण गळतं.

सॉल्ट स्प्रे. 5 टक्के मिठाचं द्रावण, 35 अंश सेल्सियस. ही रंग-मुलाम्याची चाचणी. पिशवीवर वापरली तर फिल्म नव्हे, सील तपासली जाते. टाळाच.

दमट-उष्ण चक्र. 24 तासांत 25 वरून 40 किंवा 55 अंशांवर आणि परत. तापमान बदलताना धातूवर दव धरतं, आणि खरी परीक्षा तिथेच होते. दोन फिल्म्सची तुलना करायची असेल तर मी हीच निवडेन. प्रत्येक फिल्मच्या किमान तीन पिशव्या, शेजारी साध्या पॉलिथिनच्या तीन, आणि किती चक्रांनंतर पहिला डाग पडला ती नोंद. चक्रांचे महिने करणारं सर्वमान्य सूत्र नाही; कोणी ठाम गुणक सांगितला तर आधार विचारा.

प्रत्यक्ष साठवण. सगळ्यात संथ, पण महिन्यांचा आकडा इथूनच मिळतो. एकाच दिवशी 12 पिशव्या सील करा आणि दर तीन महिन्यांनी तीन उघडा. उघडलेली पिशवी पुन्हा सील करून मोजणीत धरू नका, वाफ निघून गेलेली असते. एका पिशवीत आर्द्रता-नोंदक ठेवा.

कुठलीही वाट घ्या, नमुने हातमोज्यांनीच हाताळा: घामातल्या मिठाने उमटलेला बोटाचा ठसा फिल्म चांगली असली तरी गंजतो. तांबं-पितळ असेल तर वेगळे नमुने लावा. पोलाद वाचवणारी काही अमाइन रसायनं तांब्याला काळवंडवतात.