तिसऱ्या वर्षी काय धरावं: असोसिएशनचं अध्यक्षपद की इंटर्नशिप?

पाचवं सेमिस्टर सुरू झालं की जळगाव, धुळे, शिरपूर, फैजपूर असं कुठलंही कॉलेज घ्या, कॉम्प्युटरच्या पोरापोरींपुढे हा पेच येतोच. एकीकडे डिपार्टमेंटच्या असोसिएशनचं अध्यक्षपद किंवा कोडिंग क्लबची जबाबदारी, दुसरीकडे पुण्यातली नाहीतर घरी बसून करायची इंटर्नशिप. बायोडेटात दोन्ही दोन-दोन ओळींचेच. फरक पडतो तो त्या ओळींवर मुलाखतीत किती वेळ बोलता येतं यात.

आधी चाळणीचं बघू. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच मोठ्या सेवा कंपन्या दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री अशा सगळीकडे ६० टक्के मागतात, चालू बॅकलॉग (अजून न सुटलेले विषय) चालत नाही, आणि मग ऑनलाइन परीक्षा असते. त्या परीक्षेत अध्यक्षपदाला गुण नाहीत. इंटर्नशिपलाही नाहीत, पण रोज कोड लिहिणाऱ्याचा हात तिथे चालतो. पदाचा उपयोग पुढच्या फेरीत होतो. आपल्याकडे घरी अहिराणी नाहीतर लेवा बोली, कॉलेजात मराठी. इंग्रजीत सलग पाच मिनिटं उभं राहून बोलायची वेळ क्वचितच येते. ती सवय स्टेजवर होते, व्हिडिओ बघून होत नाही. खानदेशातल्या विद्यार्थ्याला पदाचा हा खरा फायदा. बाकी हारतुरे नि ग्रुप फोटो.

मात्र पद कुठलं, हेही बघा. उद्घाटन, पाहुण्यांची शाल, बॅनर यांतच वर्ष जाणार असेल तर ते इव्हेंट मॅनेजमेंट झालं. त्यापेक्षा टेक्निकल हेड व्हा. साधी गिटची, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरची, कार्यशाळा घ्यायची म्हटली तरी बरंच शिकायला मिळतं. लॅबमध्ये ६० जण एकाच वेळी इन्स्टॉलर डाउनलोड करायला लागले की नेट बसतं, म्हणून फाइल आदल्या दिवशीच पेनड्राइव्हने सगळ्या मशीनवर टाकायची. गिटहबची (गिटचा कोड ऑनलाइन ठेवायची साइट) खाती घरून उघडून यायला सांगायचं. एकाच आयपीवरून साठ खाती उघडायला गेलं की पडताळणीत अडकायला होतं. कॉलेजच्या फायरवॉलमध्ये पोर्ट २२ (एसएसएच जोडणीची वाट) बहुधा बंद असतो, तेव्हा एसएसएच नको, वेबसाइट उघडतात तेच एचटीटीपीएस वापरायचं. तिथे पासवर्ड चालत नाही, ऑगस्ट २०२१ पासून टोकन (गिटहबवरून काढायचा लांब सांकेतिक शब्द) लागतं. सगळ्यात गोंधळ घालणारी भानगड वेगळीच: सकाळच्या बॅचच्या मुलाचं लॉगिन विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (लॉगिन साठवायची जागा) तसंच राहतं आणि दुपारच्या मुलीला पुश करताना, म्हणजे कोड गिटहबवर पाठवताना, ४०३ (परवानगी नाही) असा एरर येतो. तिला वाटतं आपलंच चुकलं. ती जुनी नोंद काढली की काम होतं. हे साठ मशीनवर निस्तरलेला माणूस मुलाखतीत ‘टीमवर्क’वर पाठ केलेलं उत्तर देत नाही.

पैशाचं एकच सांगणं: नोंदणी फी स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका. एकदा खात्यात मिसळली की हिशेब लावता लावता परीक्षा येते. कॉलेजच्या खात्यात जमा, पावती, आणि खर्चाला आधी लेखी मंजुरी.

आता इंटर्नशिप. तिची किंमत प्रमाणपत्रात नाही, कोड रिव्ह्यूत, म्हणजे आपला कोड दुसऱ्याने तपासून शेरे देण्यात, आहे. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये कोड चालला की झाला. कंपनीत चाललेल्या कोडवरही पंधरा शेरे येतात. पहिल्या महिन्यात हमखास होणाऱ्या चुका दोन. नोड मॉड्यूल्सचा (बाहेरून उतरवलेल्या तयार कोडचा) अख्खा फोल्डर पुश करणं, ही किरकोळ. दुसरी महागात पडते: एपीआय की (दुसऱ्या सेवेची गुप्त चावी) असलेली एन्व्ह नावाची सेटिंगची फाइल कमिट होते, म्हणजे गिटमध्ये नोंदली जाते, मग घाबरून ती डिलीट करून पुन्हा कमिट करतात. ती की गिटच्या इतिहासात तशीच राहते. अशा वेळी आधी ती की रद्द करून नवी घ्यायची, मग फाइल गिटइग्नोरमध्ये (गिटने वगळायच्या फाइलींच्या यादीत) टाकायची, आणि मेंटरला त्याच दिवशी सांगायचं. लपवणं हीच मोठी चूक धरतात.

जी कंपनी इंटर्नशिप देण्यासाठी तुमच्याकडूनच फी मागते ती क्लास आहे, कंपनी नव्हे. विचारायचे प्रश्न तीन: रिव्ह्यू कोण करणार, काम कुठल्या रेपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) जाणार, स्टायपेंड किती. पुण्याला जायचं तर कॉट बेसिसचं भाडं, मेस आणि महिन्यातून एकदा जळगावची ट्रॅव्हल्स (रात्रभराचा प्रवास, जवळपास ४०० किलोमीटर) कागदावर मांडा. दहा हजारांच्या स्टायपेंडमधून हातात फारसं उरत नाही. घरून करणार असाल तर लाइट गेल्यावर राउटर चालेल एवढा छोटा यूपीएस घ्या. शिवाय हजेरी ७५ टक्क्यांखाली जाऊ नये म्हणून एचओडींची लेखी परवानगी आधी, ऑफर लेटरवर सही नंतर.

मधली वाटही आहे. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन या देशपातळीवरच्या विद्यार्थी स्पर्धेसाठी कॉलेजला आपली अंतर्गत फेरी घ्यावी लागते. टीम सहा जणांची, त्यात किमान एक मुलगी हवी. ती फेरी भरवणं आणि टीममधून उतरणं, दोन्ही एकाच महिन्यात होतं. फक्त परीक्षणाच्या कामातून स्वतःला बाहेर ठेवा. गूगल समर ऑफ कोड (ओपन सोर्स, म्हणजे सगळ्यांना खुल्या, प्रोजेक्टवर काम करायचा गूगलचा कार्यक्रम) २०२२ पासून फक्त विद्यार्थ्यांपुरतं उरलेलं नाही. मध्यम प्रोजेक्ट १७५ तासांचा, मोठा ३५० तासांचा. त्याची कामं उन्हाळ्यात सुरू होतात आणि आपल्या परीक्षाही तेव्हाच, म्हणून मोठा प्रोजेक्ट घेताना दहादा विचार करा.

मग काय धरावं? बॅकलॉग असेल तर दोन्ही सोडा, आधी विषय काढा. दुसऱ्या वर्षात असाल तर पद बिनधास्त घ्या, तिसऱ्या वर्षासाठी इंटर्नशिप मोकळी राहते. आमच्या मते हाच क्रम बरोबर. तिसऱ्या वर्षात असून अजून एकही प्रोजेक्ट स्वतःच्या हाताने सर्व्हरवर चढवलेला नसेल तर इंटर्नशिपच. कोड बरा येतो पण चार माणसांत तोंड उघडत नाही, अशांनी टेक्निकल हेडचं पद घ्यावं, अध्यक्षपद नको. आणि पद कुठलंही घेतलं तरी क्लबचं डोमेन, मेल आणि गिटहब ऑर्गनायझेशन स्वतःच्या जीमेलवर काढू नका. नाहीतर पास झाल्यावरही दर जुलैत ज्युनिअर ओटीपीसाठी फोन करत बसतील.