घरे फिरवण्याच्या धंद्याची तीन दिवसांची कार्यशाळा : हिशेब पक्का, कायदा कच्चा

न्यू जर्सीत एडिसनजवळच्या एका हॉटेलात भरलेली, घरांच्या होलसेलिंग आणि फ्लिपिंगची तीन दिवसांची कार्यशाळा मी गेल्या एप्रिलमध्ये ४९७ डॉलर भरून केली. संस्थेचे नाव मुद्दाम देत नाही. आपल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर ‘कुठल्याही राज्यात, भांडवलाशिवाय’ कमवा म्हणणाऱ्या अशा कार्यशाळांची आमंत्रणे सतत फिरत असतात, म्हणून जाण्यापूर्वी कोणाला उपयोग व्हावा एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिला दिवस खरोखर चांगला गेला. मोडकळीस आलेले घर घेऊन, दुरुस्त करून विकणे म्हणजे फ्लिपिंग, आणि घर स्वतः न घेता मालकाशी खरेदीचा करार करून तो करारच फी घेऊन दुसऱ्या गुंतवणूकदाराच्या हाती देणे म्हणजे होलसेलिंग, हा फरक शिक्षकांनी फार स्पष्ट करून सांगितला. सत्तर टक्क्यांच्या नियमाचे गणित तर त्यांनी फळ्यावर ओळीखाली ओळ मांडून दाखवले. दुरुस्तीनंतर घर ४ लाख डॉलरला जाणार असेल, तर त्याचे ७० टक्के म्हणजे २ लाख ८० हजार, त्यातून दुरुस्तीचे ६० हजार वजा केले की २ लाख २० हजार. घर विकत घेणाऱ्याने याच्या वर जायचे नाही, आणि होलसेलरला १० हजार मिळवायचे असतील तर त्याने मालकाशी २ लाख १० हजारांतच सौदा केला पाहिजे. उरलेले १ लाख २० हजार हा नफा नसून त्यातून दलाली, खासगी कर्जाचे व्याज, विमा आणि घरपट्टी जायची असते, हे त्यांनी लपवले नाही. एवढ्या भागाचे पैसे वसूल झाले, असे मी मनापासून म्हणेन.

मात्र शिक्षक ॲरिझोनाचे होते आणि ते पदोपदी जाणवत होते. इथे न्यू जर्सीत जुन्या घरांच्या अंगणात अनेकदा घर गरम ठेवण्याच्या तेलाची, जमिनीखाली पुरलेली टाकी असते, ती गळत असेल तर माती साफ करण्यात सगळा नफा जाऊ शकतो. याचा तीन दिवसांत उल्लेखही आला नाही. १९७८ पूर्वीच्या घरांतील विषारी शिशाचा रंग एका वाक्यात उरकला. घरे नियमितपणे फिरवून विकणाऱ्याचा नफा सहसा भांडवली नफा न धरता धंद्याचे उत्पन्न धरला जातो आणि त्यावर स्वयंरोजगार करही लागतो, हे मला नंतर माझ्या सीपीएकडून (परवानाधारक हिशेबतज्ज्ञाकडून) कळले.

कायद्याबाबतचे मौन मला सर्वांत गंभीर वाटले. इलिनॉयमध्ये वर्षात एकाहून अधिक करार फिरवायचे तर २०१९ पासून घर-दलालीचा परवाना लागतो, साउथ कॅरोलायनाने २०२४ मध्ये होलसेलिंगवर बंदीच घातली, आणि शेजारच्या पेनसिल्व्हेनियात जानेवारी २०२५ पासून परवाना तर लागतोच, शिवाय विक्री पूर्ण झाली नसेल तर घरमालकाला ३० दिवसांपर्यंत करार मोडता येतो. ‘कुठल्याही राज्यात, भांडवलाशिवाय’ असे सांगणाऱ्यांनी हे सांगायला नको का? सभागृहातील निम्मी मुले एच-वन-बी व्हिसावर होती. भाड्याने देण्यासाठी घर घेणे वेगळे, आणि मालकांना फोन करून, करार फिरवून फी कमावणे वेगळे. हे दुसरे काम परवानगीबाहेरची नोकरी ठरू शकते, म्हणून त्या मुलांनी आधी इमिग्रेशन वकिलाला विचारावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांनी घरपट्टी थकलेल्या मालकांच्या यादीतून एका वृद्ध बाईंना सर्वांसमोर स्पीकरवर फोन लावला. नवरा गेल्यापासून छप्पर गळते आहे, असे त्या सांगत होत्या, आणि शिक्षक त्यांना बोलते ठेवत फळ्यावर ‘कारण : पतिनिधन’ असे लिहीत होते. फोन ठेवल्यावर टाळ्या पडल्या. मला टाळी वाजवता आली नाही. अडलेल्या माणसाचे घर योग्य भावात आणि त्याला सगळे समजावून सांगून घेता येते, तसे करणारी माणसे मी पाहिली आहेत. पण ते शिकवण्याची हीच वेळ होती आणि ती गेली.

रविवारी संध्याकाळी १८ हजार डॉलरच्या मार्गदर्शन योजनेचे अर्ज वाटले गेले. माझ्या शेजारी बसलेल्या नगरच्या मुलाने कार्ड देऊन सही केली आणि रात्री घाबरून मला फोन केला, ‘काका, चुकलो का मी?’ हॉटेलसारख्या तात्पुरत्या जागी झालेली १३० डॉलर किंवा त्याहून अधिकची विक्री तिसऱ्या कामकाजाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत रद्द करता येते, असा फेडरल ट्रेड कमिशन या अमेरिकी सरकारी संस्थेचा नियम आहे; शनिवार त्यात मोजला जातो, रविवार नाही. म्हणजे त्याच्याकडे बुधवारपर्यंत वेळ होता. रद्द करण्याचा छापील नमुना त्याला पावत्यांच्या गठ्ठ्यात सर्वांत खाली सापडला, मंगळवारी त्याने तो रजिस्टर टपालाने पाठवला, आणि नवव्या दिवशी पैसे त्याच्या कार्डावर परत आले.