रॉयल ऑपेरा हाऊस, चर्नी रोड: माझ्या लहानपणापेक्षाही जुनं दिसणारं थिएटर

पाचपैकी साडेचार स्टार देतेय, अर्धा का कापला ते पुढे येईलच. नातीने ऑनलाइन तिकिटं काढली होती, शास्त्रीय गाण्याचा कार्यक्रम होता, आणि घरून निघताना तिला वाटत होतं की आजी आत शिरल्या शिरल्या रडणार वगैरे. रडले नाही. कारण मला ते थिएटर ओळखूच आलं नाही!

म्हणजे बाहेरून तेच हो. तेच दगडी तोंड, तोच नाका, समोर हिरेवाल्यांची गर्दी (ती मात्र आमच्या वेळी नव्हती). पण आत गेल्यावर बाजूच्या भिंतींना सोनेरी नक्षीचे बॉक्स, राजेमहाराजांनी बसावं असे. नात म्हणाली, बघ आजी, सगळं जुनं होतं तसं केलंय. मी म्हटलं अगं हे बॉक्स मी आयुष्यात पाहिले नाहीत, आमच्या वेळी हे नव्हतेच.

नंतर कळलं ते असं. पंचम जॉर्ज १९११ साली मुंबईत आला तेव्हा त्याने याचं उद्घाटन केलं, तेव्हा बांधकाम पुरं पण झालं नव्हतं. मॉरिस बँडमन नावाचा कलकत्त्याचा नाटकवाला आणि जहांगीर फ्रामजी कराका, असे दोघे यामागे होते. मग बोलपट आले, तीसच्या दशकात ऑपेरा हाऊसचं सिनेमा थिएटर झालं, आणि सिनेमासाठी ते बॉक्स काढून टाकले. आता आभा नारायण लांबा या जुन्या इमारतींच्या वास्तुरचनाकार, त्यांनी जीर्णोद्धार केला तो जुने फोटो वगैरे शोधून, त्या सिनेमाच्या आधीच्या काळाचा. म्हणजे आज तुम्ही बघता ते माझ्या बापाच्या तरुणपणाच्याही आधीचं थिएटर आहे, आणि मी ज्यात बसले ते मधलं थिएटर, ते कुठेच नाही. कुणी चूक केली असं म्हणत नाही मी, एका इमारतीची दोन रूपं एकदम कशी ठेवणार, आणि खरं सांगायचं तर ते मधलं रूप काही दिसायला देखणं नव्हतं.

पण मजा त्यातच होती ना. आम्ही फणसवाडीत राहायचो, एक खोली आणि बाहेर गॅलरी. लढाई संपली होती पण रेशन संपलं नव्हतं, धान्याला रांग, घासलेटला रांग, कापडाला पण कंट्रोल. करमणुकीला मात्र रांग लावायला कुणाला काही वाटायचं नाही. सेंट्रल, मॅजेस्टिक, रॉक्सी, इंपिरियल, लॅमिंग्टन रोडची बाकीची सगळी, चालत जाऊन चालत यायचं, ट्रामचा आणा वाचवून त्याचे चणे घ्यायचे. आणि ऑपेरा हाऊसला सिनेमाबरोबर नाटकं व्हायची, पृथ्वीराज कपूरची. त्यांच्या पृथ्वी थिएटर्स या नाटक कंपनीचा पहिला प्रयोगच इथे झाला, शाकुंतल. सिनेमाच्या खेळांना धक्का नको म्हणून नाटकं सकाळी असायची. आमच्या अण्णांना हिंदी यथातथाच यायचं पण ते म्हणायचे की नाटक बघायला भाषा लागत नाही, आवाज लागतो, आणि आवाज त्या माणसाचाच!

अण्णांनी 'दीवार' आधीच बघितलं होतं, भावाभावांच्या घरात भिंत घालतात त्याची गोष्ट, १९४५ चं नाटक, फाळणी व्हायच्या आधीचं. 'पठाण' आलं १९४७ ला, ते मला दाखवलं. मी फार लहान, गोष्ट अर्धीमुर्धीच कळली. रंगमंचावरचा तो एवढा धिप्पाड माणूस आठवतो, आणि शेवटी आम्ही रडत होतो हे आठवतं, पण कशाला रडत होतो ते अण्णांनी नंतर घरी समजावलं. झोहरा सैगल होत्या त्या कंपनीत, त्यांची बहीण उझरा पण, आणि कपूरांची मुलं. त्या वयात मला कोण कोण ते काय कळतंय.

खेळ संपला की बाहेर पडायच्या दारात पृथ्वीराज स्वतः उभे राहायचे, झोळी पसरून. मान खाली. कुणाच्या तोंडाकडे बघायचे नाहीत. निर्वासितांसाठी, दुष्काळासाठी, जे काही असेल त्यासाठी. आईने पदराची गाठ सोडून काहीतरी टाकलं. आईचं ते पदर सोडणं म्हणजे मोठी गोष्ट होती बरं का, भाजीवाल्याला सुद्धा इतक्या सहज सुटायचा नाही. १९६० ला ती कंपनी बंद पडली, तोवर देशभर फिरून अडीच हजारांवर प्रयोग केले होते त्यांनी. आज लोक पृथ्वी म्हटलं की जुहूचं पृथ्वी थिएटरच बोलतात, सुरुवात आमच्या गिरगावात झाली हे सांगावं लागतं.

पुढे १९५२ ला गोंडलच्या महाराजांनी थिएटर घेतलं, सिनेमे चालूच राहिले, मग घरोघरी टीव्ही, व्हिडिओ, आणि १९९३ ला बंद. वीसेक वर्षं कुलूप. बसमधून जाताना बघायचे आणि वाटायचं हे आता पडणार, मॅजेस्टिकचं झालं तसं याचंही टॉवर होणार. नाही झालं. त्या घराण्याने पैसा लावला, २०१६ च्या ऑक्टोबरात परत उघडलं. यासाठी त्यांना खरंच मानलं पाहिजे.

आता कामाचं बोलते. साउंड एक नंबर. वरच्या छताची रचना अशी आहे की सगळ्यात मागे बसलेल्याला पण शब्द कळावा, आणि तो कळतो, तंबोरा जुळवताना सुद्धा ऐकू येत होता, आमच्या शेजारच्या बाईंनी पर्समधून चॉकलेट काढलं ते पण! घुमटाकडे एकदा मान वर करून बघा, आठ भाग आहेत, कवी आणि नाटककारांच्या मानासाठी. खालच्या फॉयरमध्ये दोन मोठी झुंबरं आहेत, ससून घराण्याकडून आलेली, सेल्फीवाल्यांची गर्दी तिथेच असते. खुर्च्या साधारण पावणेसहाशे, म्हणजे नाट्यगृह म्हणून छोटंच, जवळीक वाटते. गुडघे दुखत असतील तर खालचंच तिकीट काढा.

अर्धा स्टार कापला तो याच्यासाठी की मराठी नाटक इथे अजून व्हायला हवं. बालगंधर्व, दीनानाथ इथे गाऊन गेले, हे गिरगाव आहे हो! आणि थोडी स्वस्त तिकिटं असती तर आमच्यासारख्यांनी आख्खी चाळ आणली असती. हे फक्त माझं मत.

यायला ट्रेननेच या, चर्नी रोडवरून चालत जवळ आहे, आता भुयारी मेट्रोचं गिरगाव स्टेशन पण झालंय. आम्ही हौसेने एका ॲपची टॅक्सी केली, ती सिग्नलला अडकली, मीटर वाढला आणि ड्रायव्हर आमच्यावरच चिडला. येताना मात्र चालत पणशीकरांकडे गेलो, पियुष घेतलं, नातीने वडे खाल्ले. रोज कार्यक्रम नसतात त्यामुळे आधी तारखा बघून मगच निघा, नुसतं इमारत बघायला म्हणून गेलात तर गेटवरूनच परत याल.