डीव्हीडी प्लेअरचं व्हिडिओ आउटपुट: आठ महिन्यांच्या वापरानंतर

एचडीएमआय असलेला साधा डीव्हीडी प्लेअर, ४३ इंची फोरके टीव्ही आणि अधूनमधून जुना ट्यूबवाला टीव्ही, अशा जोडणीवर आठ महिने काढल्यावरचं हे मत आहे. प्लेअर चांगला आहे, पण कारखान्यातून येतो त्या सेटिंगवर त्याचं चित्र अर्ध्यानेही खुलत नाही.

सगळ्यात आधी मेन्यूतलं 'टीव्ही टाइप' बघा. तिथे ४:३ पीएस, ४:३ एलबी आणि १६:९ असे पर्याय असतात. पीएस कडा कापतो, एलबी वर-खाली काळ्या पट्ट्या टाकतो. दोन्ही ट्यूबवाल्या टीव्हीसाठी आहेत. सपाट टीव्हीला १६:९ च हवं. एलबी तसंच राहिलं, तर वाइडस्क्रीन डिस्कवरच्या ५७६ ओळींपैकी साधारण ४३२ ओळींतच चित्र मावतं. बाकीच्या ओळी नुसत्या काळ्या पट्टीत जातात. मग टीव्हीवर झूम करून बघायचं आणि 'डीव्हीडी धूसर दिसते' म्हणायचं, हे फार घरांत चालतं. हा पर्याय फिका दिसत असेल, निवडता येत नसेल, तर डिस्क चालू आहे म्हणून. स्टॉप दोनदा दाबा, मग तो उघडतो.

आता रिझोल्यूशन. खोक्यावर '१०८०पी अपस्केलिंग' मोठ्या अक्षरांत असतं. डिस्कवर मात्र पालमध्ये (आपल्याकडची, युरोपातली टीव्ही-चित्राची पद्धत) ७२० बाय ५७६ आणि एनटीएससीमध्ये (अमेरिका-जपानची पद्धत) ७२० बाय ४८० एवढेच ठिपके असतात. १०८०पी केलं म्हणून नवा तपशील येत नाही. चित्र ताणायचं काम फक्त टीव्हीऐवजी प्लेअर करतो. माझा कौल स्पष्ट आहे: टीव्ही प्लेअरपेक्षा नवा आणि चांगला असेल, तर प्लेअर ५७६पी किंवा ४८०पी वर, म्हणजे डिस्कच्या मूळ ओळींवरच ठेवा. सबटायटलच्या अक्षरांकडे जवळून बघा. १०८०पी वर तिरक्या रेषांना पायऱ्या पडलेल्या दिसतात, शिरोरेषेभोवती पांढुरकी कड येते. ५७६पी वर तीच अक्षरं टीव्ही जास्त गुळगुळीत काढतो. टीव्ही जुना, स्वस्त असेल तर उलटही होऊ शकतं, म्हणून एकच प्रसंग दोन्हींवर लावून बघा.

५७६पी चा आणखी मोठा फायदा जुन्या ४:३ चित्रीकरणात कळतो. मराठी नाटकांच्या जुन्या डिस्क बहुतेक याच आकाराच्या. १०८०पी वर प्लेअर ते चित्र आडवं ताणून पाठवतो, चेहरे गोल गरगरीत होतात आणि बऱ्याच टीव्हींवर ते परत ४:३ करताच येत नाही, कारण टीव्हीला सिग्नल १६:९ च पोचतो. काही प्लेअरमध्ये यासाठी 'पिलरबॉक्स' किंवा 'स्क्वीझ' (डाव्या-उजव्या बाजूला काळ्या पट्ट्या टाकून आकार राखणारं) असतं, ते चालू करा. नसेल तर ५७६पी लावा आणि टीव्हीच्या रिमोटवरून ४:३ निवडा. चित्र कोणी ताणायचं, प्लेअरने की टीव्हीने, हे एकदा ठरवा. दोघांनी हात लावला की बिघडलंच.

पाल-एनटीएससीचं सेटिंग 'ऑटो' किंवा 'मल्टी' ठेवा. आपल्याकडे टीव्हीचं जुनं प्रसारण पालचं होतं, तरी भारतात विकल्या गेलेल्या कितीतरी डीव्हीडी एनटीएससी आहेत. सक्तीने पाल केलं, तर कॅमेरा आडवा फिरताना चित्र हिसके देतं. ट्यूबवाल्या टीव्हीवर मात्र एनटीएससी डिस्क कृष्णधवल दिसली किंवा चित्र वर-वर सरकायला लागलं, तर पाल करण्यावाचून इलाज नाही.

चित्र कृष्णधवल होण्याचं दुसरं कारण तारेतलं. कॉम्पोनंटची (हिरव्या, निळ्या, लाल अशा तीन तारांनी चित्र नेणाऱ्या जोडणीची) हिरवी पिन टीव्हीच्या पिवळ्या, म्हणजे एकाच तारेत पूर्ण चित्र घेणाऱ्या सॉकेटमध्ये गेली की रंग जातो, कारण हिरव्या तारेत फक्त उजेड-अंधाराची माहिती असते; रंगाची माहिती निळ्या आणि लाल तारेत. आवाजाची लाल पिन वेगळी, ती इथे मिसळू नका.

रंगाच्या पर्यायांत आरजीबीपेक्षा (लाल-हिरवा-निळा) वायसीबीसीआर (उजेड आणि रंग वेगवेगळे ठेवणारी पद्धत) निवडा. डिस्कवर रंग त्याच पद्धतीने साठवलेले असतात. आरजीबीत प्लेअर आणि टीव्हीची पातळी जुळली नाही, तर काळी शेरवानी राखाडी दिसते, नाहीतर तिच्या चुण्याच गायब होतात.

प्रोग्रेसिव्हबद्दल (एकाआड एक ओळी न पाठवता सगळ्या ओळी एकदम पाठवण्याबद्दल) एक इशारा. पिवळी तार लावलेली असताना ते चालू केलं, तर बऱ्याच प्लेअरमध्ये पडदा काळा होतो. प्लेअर बिघडलेला नसतो. डिस्क बाहेर काढा, रिमोटवरचं 'पी-स्कॅन' किंवा 'व्ही-मोड' बटण थांबून थांबून दाबा, प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद वाट बघा. पटापट दाबलं तर योग्य पर्याय येऊन निघूनही जातो आणि टीव्हीला चित्र पकडायला वेळच मिळत नाही.