हिऱ्याचा कट कसा तपासावा: सर्टिफिकेट, कोनांचे आकडे की प्रकाशचित्र?

हिरा घेताना लोक रंग आणि क्लॅरिटीवर बराच काथ्याकूट करतात. कटच्या, म्हणजे पैलू पाडण्याच्या दर्जाच्या, रकान्यात 'एक्सलंट' दिसलं की मात्र तिथं थांबावं असं कुणाला वाटत नाही. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथंच द्यायला हवा, कारण झळाळी येते ती कटमुळे. हिऱ्याचा अपवर्तनांक सुमारे २.४२ आहे. आत शिरलेला प्रकाश खालच्या पैलूंवर ठरावीक कोनात आदळला, तर परावर्तित होऊन वर येतो. कोन चुकला की तो तळातून निसटून जातो. अशा हिऱ्याचा रंग कितीही चांगला असला तरी तो मलूल दिसतो.

कट पारखायचे चार मार्ग सहज हाताशी असतात: सर्टिफिकेटवरची ग्रेड, कोनांचे आकडे, प्रकाशचित्र (उजेड कुठून परततो नि कुठून गळतो हे रंगांत दाखवणारं, उपकरणातून दिसणारं चित्र) आणि आपले डोळे. त्यांचं काम सारखं नाही, आणि गोंधळ होतो तो यामुळेच.

हिरे तपासणारी अमेरिकन संस्था जीआयए २००६ पासून गोल ब्रिलियंट (नेहमीच्या गोल आकाराच्या) हिऱ्याच्या सर्टिफिकेटवर कटची ग्रेड देते. एक्सलंट ते पूअर अशा पाच पायऱ्या आहेत. वाईट हिरा वगळायला ही ग्रेड उत्तम, आणि गोल हिऱ्यात एक्सलंटच्या खाली उतरायचं कारण मला दिसत नाही. पण एक्सलंटचं कुंपण रुंद आहे. क्राउन (वरच्या भागाचा कोन) ३४.५ अंश नि पॅव्हिलियन (खालच्या भागाचा कोन) ४०.८ असलेला सुरेख हिरा त्यात बसतो, तसाच ३५.५ नि ४१.२ वाला, काहीसा खोल आणि टेबलाखाली (वरच्या सपाट पैलूखाली) प्रकाश गळण्याची शक्यता असलेला हिराही. दोघांच्या सर्टिफिकेटवर शब्द एकच.

अमेरिकन जेम सोसायटीच्या (एजीएस) प्रयोगशाळेची शून्य ते दहा ही श्रेणी यापेक्षा काटेकोर होती, कारण तिच्यात प्रकाशाच्या वाटा गणितानं तपासल्या जात. ती प्रयोगशाळा २०२२ च्या अखेरीस बंद झाली. आता जीआयए 'एजीएस आयडियल' हा जोड-रिपोर्ट देते. तो मिळत असेल तर जरूर मागा.

ग्रेडच्या पुढची पायरी म्हणजे आकडे. अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये मांडलेली मापं आजही पायाभूत मानतात: टेबल हिऱ्याच्या व्यासाच्या ५३ टक्के, क्राउन ३४.५ अंश, पॅव्हिलियन ४०.७५ अंश. आजच्या खरेदीत टेबल ५४ ते ५८ टक्के, क्राउन ३४ ते ३५ आणि पॅव्हिलियन ४०.६ ते ४१ या पट्ट्यात शोधलं तर निराशा क्वचितच होते. दोन्ही कोन जोडीनं वाचावेत. क्राउन थोडा उभा असेल, तर पॅव्हिलियन थोडा उथळ हवा. दोन्ही एकाच दिशेला झुकले की हिरा बिघडतो. हॉलोवे कट अ‍ॅडव्हायझर हे साधन खोली, टेबल आणि हे दोन कोन घेऊन गुण देतं. दोनपेक्षा कमी गुण आले तर हिरा पुढच्या तपासणीला पात्र, एवढाच त्याचा अर्थ. त्यावर खरेदी करू नये.

का करू नये, तर आकडे सरासरीचे असतात. आठ बाजूंचे कोन मोजून सरासरी काढतात, आणि जीआयएच्या सर्टिफिकेटवर क्राउनचा कोन जवळच्या अर्ध्या अंशाला, पॅव्हिलियनचा ०.२ अंशाला आणून छापतात. एक बाजू उभी, समोरची उथळ, तरी सरासरी देखणी येऊ शकते.

ही उणीव प्रकाशचित्र भरून काढतं, म्हणून चारांत माझी पसंती त्याला. आयडियल-स्कोप हे साधं, स्वस्त उपकरण आहे. त्यातून पाहिल्यावर लाल दिसतो तो डोळ्यांकडे परतणारा प्रकाश, काळे बाण म्हणजे पाहणाऱ्याच्या डोक्याची सावली, आणि पांढरट भाग म्हणजे गळती. कडेला बारीक पांढरे ठिपके असले तर हरकत नाही. टेबलाखाली पांढरट कडं दिसलं तर तो हिरा सोडा. एसेट हे त्याचंच विस्तृत रूप: वरच्या कोनातला तेजस्वी प्रकाश लाल, बाजूचा मंद प्रकाश हिरवा, डोक्यानं अडवलेला निळा. 'हार्ट्स अँड अ‍ॅरोज'चं चित्र मात्र वेगळं. ते पैलू किती अचूक जुळलेत ते सांगतं, उजेड किती परततो हे नाही.

डोळ्यांवर विश्वास ठेवावा, पण उजेड पाहून. दुकानातल्या स्पॉटलाइटखाली साधारण हिराही ठिणग्या उडवतो. तो खिडकीजवळच्या सौम्य उजेडात, मेजाखालच्या सावलीत न्या आणि तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्या हिऱ्याशेजारी ठेवा. मधोमध काळपट डाग दिसला तर पॅव्हिलियन फार खोल. टेबलाच्या आत गर्डलचं (हिऱ्याच्या कडेच्या पट्टीचं) फिकट वर्तुळ दिसलं तर फार उथळ. आधी हिरा पुसून घ्या, कारण तळाला लागलेला बोटांचा तेलकटपणाही तेज मारतो.

ओव्हल, पेअर, मार्कीज घ्यायचा असेल तर हा क्रम उलटा करा. या आकारांना जीआयए एकूण कटची ग्रेड देत नाही, फक्त पॉलिश आणि सिमेट्री देते, आणि कोनांवरूनही फारसं ठरत नाही. इथं एसेट आणि हळूहळू फिरवलेल्या हिऱ्याचा व्हिडिओ हाच आधार. मधला काळा बो-टाय (बो-टायच्या आकाराची गडद सावली) हलवताना उजळतो की तसाच राहतो, ते बघा.

एक व्यावहारिक गोष्ट: हे सगळं हिरा सुटा असतानाच करा. कोंदणात बसल्यावर मागून प्रकाश जात नाही आणि आयडियल-स्कोपला गळती दिसत नाही. पैसे देण्याआधी भिंगातून गर्डलवर लेझरनं कोरलेला क्रमांक सर्टिफिकेटशी ताडून पाहा. तो जुळला, तरच तुम्ही तपासलेली ग्रेड आणि आकडे त्याच हिऱ्याचे.