शोपँ घरी वाजवायचा तर: नॉक्टर्न की मझुर्का?

पियानोच्या ग्रेडच्या परीक्षा मागे पडल्या, हात थोडे मोकळे झाले आणि आता शोपँ या पोलिश संगीतकाराच्या पियानो-रचनांचा एक संच घेऊन वर्षभर बसायचं, असं ठरवणाऱ्यांसाठी हे लिहितोय. बॅलड आणि एतूद या त्याच्या अवघड रचना तूर्त राहू द्या. घरगुती वादकाला खरी निवड असते ती नॉक्टर्न (रात्रीचं, गाण्यासारखं संगीत) आणि मझुर्का (पोलंडच्या तीन मात्रांच्या लोकनृत्यावरचे तुकडे) यांच्यात. मी आधी नॉक्टर्न घेतले, दोनेक वर्षं त्यांच्यापाशी काढली आणि मग मझुर्कांकडे वळलो.

नॉक्टर्नची ओढ कुणालाही समजवावी लागत नाही. हा प्रकार आयर्लंडच्या जॉन फील्डचा. शोपँने त्यात इटालियन ऑपेरातलं गाणं ओतलं. घरात कुणी आलं तर दारात थबकून ऐकतं. मझुर्काच्या वाट्याला हे भाग्य नाही. महिनाभर घासलेला मझुर्का वाजवला की मावशी हमखास विचारते, "अजून बसवतोयस का?"

नॉक्टर्नमधल्या नक्षीची भीती मात्र फार बाळगू नका. ओपस 9 (ओपस म्हणजे प्रकाशित संचाचा क्रमांक) च्या पहिल्यात सुरुवातीलाच डाव्या हाताच्या 6 स्वरांवर उजव्याचे 11 आणि लगेच 12 वर 22 येतात. कागदावर बघून घाम फुटतो. पण डावा हात ठेका आणि उजवा तान, असं मानलं की ते आपोआप बसतं. निदान मला तरी हिशेब सोडल्यावरच जमलं.

माझं बिनसलं ते मधल्या भागाशी. ओपस 15 चा पहिला घ्या. सुरुवात साधी, शांत. तसं वर लिहिलेलंच आहे. तीन आठवड्यांत ती हाताखाली आली. मग पान उलटलं आणि 'कॉन फुओको', म्हणजे आगीसारखं. सगळं काम संपवून, जेवणं झाल्यावर, इमारत निजायला लागली की मी पियानोशी बसणार. रात्रीचं संगीत म्हणून हेच निवडलेलं. आणि बरोबर मध्यावर ते घर डोक्यावर घेणार. आवाज मऊ करणारं पेडल दाबून, हात आवरून बघितलं, पण वादळ हळू आवाजात वाजवलं की ते नुसतं पुटपुटतं. ओपस 27 चा पहिला मध्यात असाच पेटतो. ओपस 48 चा पहिला तर आणखी पुढचा: मधल्या गडगडाटानंतर मूळ सूर परत येतो तोही दुप्पट लयीत, भरगच्च स्वरमेळांवर. वर्षअखेरीस माझ्याकडे चार नॉक्टर्नांच्या सुरेख सुरुवाती होत्या आणि पूर्ण असा एकच.

सगळेच तसे नाहीत, हेही सांगायला हवं. ओपस 9 चा दुसरा शेवटाजवळचा जोर सोडला तर सौम्य आहे. ओपस 37 च्या पहिल्याच्या मध्यात चर्चमधल्या प्रार्थनेसारखे संथ स्वरमेळ आहेत. घर स्वतंत्र असेल किंवा हेडफोन लावता येणारा डिजिटल पियानो असेल, तर माझी तक्रार तुम्हाला कदाचित लागूही होणार नाही.

मझुर्काची अडचण वेगळी, ती लयीत. तीन मात्रा, पण जोर दुसरीवर किंवा तिसरीवर, आणि तोही जागा बदलत राहतो. शोपँ स्वतः एखादी मात्रा इतकी लांबवायचा, की हाले नावाच्या पियानिस्टला तीनच्या जागी चार ऐकू येत. संगीतकार मायरबेअरने तर हे दोन मात्रांचं आहे असं तोंडावर सांगितलं, तेव्हा शोपँ भडकला होता. त्यामुळे सुरुवातीला आपल्या हातून बेंगरूळ वॉल्ट्झ, म्हणजे पहिल्या मात्रेवर जोर असलेला नाच, निघतो. माझ्या हातून सहा महिने तोच निघत होता.

पण पुढे जे मिळतं ते आपल्या कानाला विशेष जवळचं. 1824 आणि 1825 च्या उन्हाळ्यांत पोलंडमधल्या शाफार्न्या गावी पोरवयातल्या शोपँने खेड्यातले वादक ऐकले होते. ओपस 68 च्या तिसऱ्याचा मधला तुकडा वाजवून बघा: खाली अखंड षड्ज-पंचम, अगदी तंबोऱ्यासारखा, आणि वर चक्क तीव्र मध्यम. पोलंडच्या शेतातून यमनची झुळूक यावी तसं वाटतं. राग अर्थातच नव्हे. ओपस 17 चा चौथा तर सुरू होतानाही अधांतरी आणि संपतानाही.

बरेच मझुर्के दोन-चार मिनिटांचे. आठवडाभर पियानोला हात लागला नाही तरी रविवारी सापडतात. संख्याही पन्नासच्या वर, नॉक्टर्नच्या रूढ 21 च्या दुपटीहून अधिक. पियानिस्ट रुबिनस्टाइनने दोन्ही संच तीन-तीनदा ध्वनिमुद्रित केले, म्हणजे त्याला निवड करावी लागली नाही. आपल्याला वेळ तेवढा नसतो.

नॉक्टर्नच हवे असतील तर ओपस 15 चा तिसरा आणि ओपस 55 चा पहिला आधी बघा. मला विचाराल तर ओपस 67 च्या दुसऱ्या मझुर्कापासून सुरू करा, मग ओपस 68 चा दुसरा. आणि गंमत म्हणून ओपस 7 चा पाचवा. एवढासा आहे आणि शेवटी 'सेन्झा फिने' लिहिलंय, म्हणजे पुन्हा मागे जायचं, अंतच नाही. मी दोन फेऱ्यांवर थांबतो. मावशीच्या मते एक पुरे.