फ्लोरिडाचा ऑनलाइन टॅक्स डीड लिलाव: सोय उत्तम, छाननी मात्र तुमचीच

फ्लोरिडात ऑरेंज, डुवाल, हिल्सबरो वगैरे काउंट्यांमध्ये (आपल्या जिल्ह्यांसारखे भाग) मालमत्ता कर थकलेल्या घरांचा आणि प्लॉटचा लिलाव, म्हणजे टॅक्स डीड लिलाव, कोर्ट क्लार्क रियलटॅक्सडीडच्या संकेतस्थळावर करतात. वापरायला सोपं आहे. तुमची कमाल बोली आधीच टाकून ठेवता येते; यंत्रणा गरजेपुरतीच वाढवत नेते.

पैशाचं गणित मात्र कडक. अनामत बोलीच्या ५ टक्के किंवा २०० डॉलर, यातली मोठी रक्कम. बँकेतून साध्या ट्रान्सफरने ती जमा व्हायला काही दिवस जातात, म्हणून आदल्या दिवशी धावपळ करून उपयोग नाही. जिंकलात तर उरलेली रक्कम, नोंदणी फी आणि बहुतेक काउंट्यांत दर १०० डॉलरला ७० सेंट मुद्रांक, हे सगळं २४ तासांत. चुकलात तर अनामत गेली. आणि तुमचे पूर्ण पैसे क्लार्ककडे जमा होईपर्यंत मूळ मालक थकबाकी भरून मालमत्ता सोडवू शकतो.

खरा धोका पुढे आहे. गहाणखत सहसा पुसलं जातं, पण पालिकेचे बोजे टिकतात. गवत न कापल्याचा रोजचा दंड साठत साठत जागेच्या किमतीवर जातो! म्हणून लिलावाच्या फाइलमधला टायटल (मालकी हक्काचा) अहवाल वाचाच आणि पालिकेत वेगळी चौकशी करा. डीड, म्हणजे मालकीचा दस्त, मिळाल्यावरही टायटल विमा (मालकी हक्कातल्या दोषांपासून संरक्षण देणारा विमा) लगेच मिळत नाही. त्यासाठी क्वाएट टायटलचा दावा, म्हणजे मालकी निर्विवाद ठरवून घेण्याचा कोर्टातला दावा, लावावा लागतो. भारतातून दूरस्थ बोली लावणाऱ्यांनी तिथला वकील आधी गाठावा. प्लॉटला रस्ता आहे की तो निव्वळ पाणथळ पट्टा आहे, हे संकेतस्थळ सांगत नाही.